एकच मासा सहा वेळा

नाशिक रोड,
१२ जुलै १९९८

सौ. मनीषाताईस भारतचा नमस्कार.

मला एक पाटी शेणखत हवं आहे. जुनं, पूर्ण कुजलेलं, दोनदा चाळलेलं. खडा नको, किडा नको. दाजी भाजीचा टेम्पो घेऊन नाशकात येतात तेव्हा त्यांच्याबरोबर पाठव.

दातांच्या दवाखान्यात शेणखत कशाला, असं तुला वाटेल. सांगतो. आमच्या मॅडम दसऱ्याला समोरच्या मोठ्या जागेत दवाखाना नेत आहेत. तिथल्या बाहेरच्या खोलीत त्यांनी तीन फूट लांबीची काचेची टाकी आणून ठेवली आहे. तिच्यात खरी झाडं लावायची आणि रंगीत मासे सोडायचे. आत मशीनची घरघर चालू असताना बाहेर बसलेल्या पेशंटचं लक्ष माशांकडे राहावं, हा उद्देश. मॅडम मला म्हणाल्या, भारत, तू शेतकऱ्याकडचा आहेस, पाण्यातली झाडं तुला जमतील. मी लगेच हो म्हणालो. पाण्यातलं झाड मी आजवर एकच पाहिलं आहे, ते म्हणजे विहिरीत पडलेलं बाभळीचं.

आता महत्त्वाचं. दसऱ्यापर्यंत टाकी जमली तर नव्या जागेत पेशंटची नावं लिहायच्या टेबलावर मी बसायचं. नाही जमली तर तिथे दिशा नावाची मुलगी येणार आहे, बारावी झालेली. तात्या पाडव्याला काय म्हणाले होते ते तुझ्यासमोरच म्हणाले होते: दिवाळीपर्यंत बसायला खुर्ची मिळाली तर राहा, नाहीतर उन्हाळ कांद्याचं रोप टाकायला मळ्यात परत ये. सध्या मी उभा असतो. दार उघडतो, फरशी पुसतो, हत्यारं उकळतो. दवाखान्यात खुर्च्या सोळा आहेत, पण त्या दुखणाऱ्यांसाठी.

टाकीबरोबर एक इंग्रजी माहितीपत्रक आलं आहे. दहावीच्या इंग्रजीनं मला दोनदा परत पाठवलं हे तुला माहीत आहे, म्हणून शब्दकोश घेऊन बसलो आणि चार रात्री खर्चून भाषांतर केलं. शेवटचा परिच्छेद काही केल्या लागेना. त्याच्याशेजारी चित्रही नव्हतं, त्यावरून तो फारसा महत्त्वाचा नसावा असं मी ठरवलं.

राजला पापा. दाजींना व तुझ्या सासूबाईंना, म्हणजे मावशींना, नमस्कार.

तुझा,
भारत


सायखेडा,
१९ जुलै

चि. भारत यास ताईचा आशीर्वाद.

शेणखतासाठी पत्र लिहिणारा आपल्या सात पिढ्यांत तू पहिलाच. लोक दागिन्याला चाळणी लावत नाहीत एवढी मी तुझ्या खताला लावली. राजनं विचारलं, मामा हे खाणार का. पाटी पाठवतेय, पाटी परत पाठव.

माशाचं नाव काढलं आणि सासूबाईंनी कानाला हात लावला. तुला माहीत हाय, त्या माळकरी, घरात मासळीचं नाव चालत नाय. मी म्हणलं, खायला नाय, बघायला. त्या म्हणाल्या, बघून पोट भरतं का? मी म्हणलं, तिथं येणाराचा दात दुखत असतो, त्याला तसंबी काही खाता येत नाय. मग जरा हसल्या. त्यांचीबी एक दाढ हलायला लागलीय, पण दवाखाना म्हणलं की दुखायची थांबते.

आता माझं ऐक. परवा मी माहेरी लासलगावला जाऊन आले. तात्यांनी तुझं विचारलं. मी सांगितलं, पोरगं टिकलंय, दसऱ्याला खुर्चीवर बसतंय. तात्या म्हणाले, तू शब्द देतेस का? मी दिला. तर आता खुर्ची तुझी असली तरी शब्द माझा हाय. मला तोंडघशी पाडू नको.

किराणा दुकानाच्या फोनवर फोन करू नको. तिथं साखर घ्यायला आलेली बाई पाच मिनिटांत आपल्या घरचं सगळं घेऊन जाते. पत्रच लिही.

तुझी ताई


नाशिक रोड,
३ ऑगस्ट

सौ. ताईस नमस्कार.

पाटी परत पाठवली आहे, धुऊन.

टाकी झाली. तळाला दोन बोटं शेणखत, त्यावर तीन बोटं वाळू. वाळू अकरा पाण्यांनी धुतली. त्यात दुकानातून आणलेली झाडं लावली. एक रिबिनीसारखं लांब पानाचं गवत आहे, एक बारीक पानांचं झुडूप आहे. तात्या कांद्याचं रोप लावतात तसंच लावलं: दोरी धरून, सरळ ओळीत, चार बोटं अंतरावर. पाच ओळी, प्रत्येकीत नऊ झाडं. मॅडमनी पाहिलं आणि विचारलं, ही बाग आहे की परेड? पण छान आहे म्हणाल्या.

परवा सहा गोल्डफिश सोडले. नारिंगी, दोन पांढरे ठिपकेवाले. मी त्यांना सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता घड्याळ लावून खाणं देतो. एक चमचा. मग त्यांच्या चेहऱ्यावर अजून भूक वाटते म्हणून आणखी एक.

पाणी थोडं चहाच्या रंगाचं झालं आहे, दूध कमी घातलेल्या. दुकानदार म्हणाला, बसेल. मासे स्वभावाने फार शांत आहेत. पळापळ करत नाहीत. दिवसभर वरच्या बाजूला एका ओळीत उभे राहून तोंडं उघडझाप करतात. मला पाहायला येत असावेत.

तात्यांना सांग की काम समाधानकारक चालू आहे.

भारत


सायखेडा,
८ ऑगस्ट

भारत,

तुला बघायला येत नाहीत ते. आपला गोऱ्हा विहिरीत पडला होता तेव्हा त्याचंबी तोंड वरच होतं.

आमच्या गुरांच्या हौदात पोरांनी नदीतली मासळी सोडलेली हाय, ती कधी वर येऊन तोंड वाजवत नाय. काय झालंय ते खरं लिही.

ताई


नाशिक रोड,
२० ऑगस्ट

सौ. ताईस नमस्कार.

तुझं पत्र ११ तारखेला मिळालं. मासे ५ तारखेलाच गेले होते. सकाळी दार उघडलं तर सहाही जण आडवे. ओळ मात्र सरळ होती.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. मॅडमना मी सांगितलं नाही. त्या रोज संध्याकाळी सुताराचं काम बघायला तिकडे येतात. मी दुपारी दुकानात गेलो आणि तसेच सहा मासे निवडून आणले. आकार, रंग, ठिपके जुळवले. एकाच्या शेपटीला डावीकडे चीर होती, तशीच चीर असलेला मिळेपर्यंत दुकानदाराला पाऊण तास उभं केलं. मेलेले सहा जण दवाखान्यातल्या क्रोटनच्या कुंडीत पुरले.

मग विचार केला, दोष घाणीचा आहे. शेणखत सगळं काढून टाकलं. वाळू उकळली. दगड सोड्याने घासले. झाडांची मुळं एकेक करून लाल औषधाच्या पाण्यात बुडवली. काच आतून हत्यारांच्या ब्रशने घासली. आणि ठरवलं, आता घाण साठूच द्यायची नाही. रोज पहाटे सगळं पाणी काढायचं, टाकी धुवायची, नळाचं ताजं पाणी भरायचं. मी इतकी स्वच्छता आत ठेवली असती तर मॅडमनी मला डॉक्टर केलं असतं. पाणी असं दिसायचं की टाकीत पाणी नाहीच. त्यात दुसरे सहा मासे नऊ दिवस जगले.

तिसरे सहा १५ ऑगस्टला आणले. आज त्यातले चार आहेत, आणि त्यातला एक विचारात पडलेला दिसतो. झाडांची पानं काचेसारखी होऊन गळत आहेत. क्रोटन मात्र फार जोरात आलं आहे. मॅडम काल म्हणाल्या, ह्याला काय घालतोस रे? मी म्हणालो, पाणी.

ताई, मला झोप लागत नाही. मी सगळं मोजून करतो. पाणी मोजतो, खाणं मोजतो, तापमान मोजतो. एवढं मोजल्यावर माणसाचं बरोबर यायला हवं ना? दसऱ्याला बेचाळीस दिवस उरले. घरी काहीही सांगू नको.

भारत


सायखेडा,
२८ ऑगस्ट

चि. भारत,

सांगितलं नाय, पण एक गोष्ट झाली. तुझं पत्र आलं की सासूबाई म्हणतात, वाच. त्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल काही लिहिलंय. मी वाचत गेले आणि मेल्याचं वाचायचं टाळता आलं नाय. वाटलं, आता जीवहत्या म्हणून सुनावणार. तर म्हणाल्या, त्याला विचार, हौद कधी धुतलाय का?

मी म्हणलं, कोणता हौद?

म्हणाल्या, आपला गुरांचा. माझ्या लग्नाच्या आधीचा हाय. गुरं पितात, बेडूक राहतात, मासळी राहते, पोरं पाय धुतात. पाणी निवळ हाय का नाय? आम्ही वरचं पाणी बदलतो थोडं थोडं. तळाला हात लावत नाय. एकदा तुझ्या दाजींच्या आज्यानं हौस म्हणून हौद खरवडून चुना लावला होता, तर वर्षभर त्या पाण्याला वास मारायचा आणि म्हैस तोंड लावायची नाय. शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या हौदातला दोन बादल्या गाळ आणून टाकला, तेव्हा पाणी ठिकाणावर आलं. दह्याला विरजण लागतं तसं पाण्यालाबी लागतं. ह्यानं विरजण धुऊन टाकलं आणि दूध उकळत बसला.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या स्वतः हौदाकाठी. पदर खोचलेला, गळ्यात माळ, हातात चहाची गाळणी. मासळीचं नाव नको म्हणणारी बाई कोपरापर्यंत हात घालून मासळी धरत होती. मी म्हणलं, हे चालतं का? म्हणाल्या, मारायला चालत नाय. जगवायला कोण नको म्हणतं.

तर दाजींबरोबर दोन कॅन येतायत. एकात तळाचा गाळ आणि हौदातलं शेवाळ. एकात बारा मासे. बोटाएवढे, करडे, पाठीवर निळी रेघ. त्यांना रंगाचं काही विचारू नको. चहाची गाळणी आता बाद झाली, ती नवी तू आणायची.

सासूबाईंचा निरोप जसाच्या तसा: गाळ वाळूत घाल, झाडं लाव, नळाचं पाणी दोन दिवस शिळं करून मग भर. खाणं चिमूटभर. आणि पंधरा दिवस हात मागं बांधून बस. रोप लावल्यावर रोज उपटून मूळ बघणाराला कांदा येत नाय.

तुझी ताई


नाशिक रोड,
१७ सप्टेंबर

सौ. ताईस व मावशींना नमस्कार.

मी आयुष्यात पुष्कळ कामं केली, पण काहीच न करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात पाणी धुरकट झालं. माझा हात तीनदा बादलीकडे गेला. शेवटी मी बादली सुताराला दिली आणि सांगितलं, मागितली तरी देऊ नको. मी मागितली. त्याने दिली नाही. चांगला माणूस आहे.

आठव्या दिवशी पाणी निवळायला लागलं. आता एवढं निवळ आहे की मागच्या भिंतीचा पोपडा दिसतो. गवताला नवी पानं फुटली आहेत. ती ओळ सोडून वाटेल तिथे फुटतात. एक थेट खाणं टाकायच्या जागेखाली आलं. मी ते उपटून ओळीत लावणार होतो, पण मावशींची आठवण झाली. बारीक पानांच्या झुडपावर दुपारी मोत्यासारखे बुडबुडे येतात आणि एकेक करून वर सुटतात. बाराही करडे मासे जिवंत आहेत. थव्याने फिरतात, एक वळला की सगळे वळतात. इथे वस्तीतल्या नळावर असं वळण मी पाहिलेलं नाही.

माहितीपत्रकातला तो शेवटचा परिच्छेद मी परवा पुन्हा काढला आणि दवाखान्यात येणाऱ्या कॉलेजच्या एका मुलाकडून अर्थ करून घेतला. त्यात लिहिलं आहे की नवीन टाकीत लगेच मासे सोडू नयेत, काही आठवडे थांबावं, आणि जुन्या टाकीतला थोडा गाळ घातल्यास उत्तम. म्हणजे कंपनीचं आणि मावशींचं एकमत आहे. मीच मधे आलो.

आता उरलेली अडचण. मॅडमनी सांगितले होते ते रंगीत मासे. तिसऱ्या सहांतला एकच गोल्डफिश उरला, तो आता तब्येतीने उत्तम आहे. मॅडमना करड्या माशांबद्दल मी सांगितलं, की ते झाडांसाठी उपयोगी असतात. पटलं. मग त्यांनी विचारलं, बाकीचे गोल्डफिश कुठे? मी म्हणालो, झाडं वाढल्यामुळे मागे असतात, आळीपाळीने पुढे येतात. तेवढ्यात तो एक डावीकडून गेला. मी म्हणालो, हा एक. तो मागून फिरून उजवीकडून आला. मी म्हणालो, हा दुसरा. त्या संध्याकाळी त्याने सहाही जणांचं काम केलं. मॅडम बराच वेळ पाहत उभ्या होत्या आणि मग गेल्या.

तसेच आणखी पाच आणून सोडायचा विचार होता. पण दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते मेले तर? आता मला ते बघवणार नाही.

दसऱ्याला चौदा दिवस आहेत. तेवढे निभले की खुर्ची.

भारत


सायखेडा,
२४ सप्टेंबर

भारत,

सासूबाईंची दाढ रात्रभर ठणकली. आता दवाखाना नको म्हणायचा धीर राहिला नाय. सोमवारी दाजी त्यांना मोटारसायकलवर घेऊन तुझ्याकडं येतायत. राजला ताप हाय म्हणून मी येत नाय. दाजी पंपाचा वायसर घ्यायला जातील तोवर त्यांना सांभाळ.

त्यांना टाकी बघायचीय. हौदातल्या माशांची रोज चौकशी करतात, जशा काही सासरी दिलेल्या पोरी. त्यांना काय बोलायचं आणि काय नाय ते मी शिकवायला गेले तर म्हणाल्या, मला शिकवू नको, मी काय लहान हाय?

जपून रहा.

ताई


नाशिक रोड,
३ ऑक्टोबर

सौ. ताईस नमस्कार.

दाजींनी तुला सांगितलं असेल की दाढ निघाली. बाकीचं त्यांना माहीत नाही, ते वायसर शोधत होते.

मावशींचा नंबर यायला वेळ होता, म्हणून मी त्यांना समोरच्या जागेत टाकी दाखवायला नेलं. गाल सुजलेला, त्यावर पदर धरलेला. टाकीसमोर त्या खाली फरशीवरच बसल्या. करडे मासे मोजले. बारा आहेत म्हणाल्या आणि बोटांनी काचेला ओवाळल्यासारखं केलं. माझे डोळे जरा भरले होते, त्यामुळे दारात मॅडम सुताराचं बिल घेऊन उभ्या आहेत हे मला उशिरा दिसलं.

मावशींना नारिंगी मासा दिसला. म्हणाल्या, "हा एकटाच राहिला का रे?"

मी म्हणालो, "नाही मावशी, बाकीचे मागे आहेत."

"मागं कुठं? मागं भिंत हाय. सतरा मेले ना तुझे? मनीषानं वाचून दाखवलं. मेले म्हणून तर गाळ पाठवला."

मावशींनी मागे वळून मॅडमना पाहिलं आणि त्यांनाही कळलं. त्या म्हणाल्या, बाई, पोरगं वाईट नाय, घाबरट हाय. माझ्या बचावात आजवर कोणी एवढं खरं बोललं नसेल.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यापेक्षा चिडल्या असत्या तर बरं. टाकीकडे बघतच म्हणाल्या, "पहिल्या सहांत दोघांची तोंडं वाकडी होती. दुसऱ्या सहांत सगळ्यांची सरळ. दिवसभर तोंडं बघण्यातच माझा जन्म जातो, भारत. माशाचं तोंड आपोआप सरळ होत नाही."

म्हणजे पाच ऑगस्टपासून त्यांना माहीत होतं. मी शेपटीची चीर जुळवत बसलो होतो. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तू कधी सांगतोस ते बघत होते."

मग मावशींना आत नेलं. बाहेर आल्यावर तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे त्या आणखी काही सांगू शकल्या नाहीत, फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्या गेल्यावर मॅडमनी बोलावलं. टाकी त्यांना आवडली आहे, रंगीत माशांपेक्षा करडे बरे म्हणाल्या, आहे तशीच ठेवायची. नव्या जागेत मी आहे. पण टेबलावर दिशा बसेल. कारणही सांगितलं. टेबलावरूनच गोळ्याही द्यायच्या आहेत; तिथल्या माणसाच्या हातून पेशंटला चुकीची गोळी गेली तर ते त्यांना त्याच मिनिटाला कळायला हवं. मी मात्र चूक झाली की ती झाकायला तशीच दुसरी वस्तू शोधायला जातो. टाकी माझी, दार माझं. खुर्चीचं वर्षभराने बघू. आणि पुढे काही मेलं तर त्याच दिवशी सांगायचं.

त्यात चुकीचं काही नव्हतं.

दसऱ्याला पूजा झाली. एक लहान मुलगा दाढ किडली म्हणून रडत आला होता. टाकीसमोर बसला तो उठेना. नाव पुकारलं तेव्हा टाकी सोडायची नाही म्हणून रडला. म्हणजे रडणं तेवढंच राहिलं, फक्त कारण बदललं.

खुर्ची गेली. तुझा शब्द मी पाडला, ताई. तात्यांना पत्र लिहायला घेतलं होतं, 'नव्या जागेत टेबलाजवळ जागा मिळाली आहे' असं. वाक्य अगदीच खोटं नाही, टाकी टेबलाजवळच आहे. वाचून पाहिलं आणि फाडलं. दिवाळीला येऊन तोंडाने सांगतो. मग ते म्हणतील ते. सामान फार नाही, एका पिशवीत बसेल. टाकीचं कसं करायचं ते दिशाला लिहून देईन, तिला बहुतेक मोजायला सांगणार नाही.

भारत


सायखेडा,
९ ऑक्टोबर

भारत,

तू दिवाळीला येऊन सांगणार म्हणजे चार दिवस आधी तोंड पाडून बसणार, लक्ष्मीपूजनाला जेवणार नाय, आणि भाऊबीजेला माझ्यासमोर रडणार. मला ते नको. मी काल लासलगावला गेले आणि तुझी सगळी पत्रं घेऊन गेले. शेणखतापासून.

तात्या ओट्यावर बसले होते. मी वाचत गेले. आईला हसू आवरेना, तो एक मासा सहा वेळा फिरला तिथं तर तिनं पदर तोंडात घातला. तात्या हसले नाहीत. तुझ्या मॅडम तोंडाचं बोलल्या ते त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग उठून मळ्याकडं गेले. दिवेलागणीला आले. आई म्हणाली, आता काही विचारू नको.

मी म्हणलं, तात्या, शब्द मी दिला होता, बोलायचं ते मला बोला. तर म्हणाले, कार्ड हाय का घरात?

म्हणजे तुला पत्र येईल. आपल्या बापानं आजवर पाटबंधारे खात्याशिवाय कोणाला पत्र लिहिलेलं मला ठाऊक नाय. आलं की मला कळव.

तुझी ताई


लासलगाव,
१० ऑक्टोबर

चि. भारत यास चिमाजी तात्यांचा आशीर्वाद.

मनीषाने पत्रे वाचली. ऐकली.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा बाबांनी एक वाफा माझ्या हवाली केला. पांढऱ्या कांद्याचे बी दिले आणि म्हणाले, रोप तयार कर, जमले तर शेत तुझे. माझे रोप पिवळे पडून बसले. मी फार पाणी देत होतो. बाबा बाजाराला गेले की मी शेजारच्या सावळीरामच्या वाफ्यातून जोमाचे रोप मागून आणून आपल्या वाफ्यात खोचायचो आणि आपले मेलेले उकिरड्यात पुरायचो. बाबा येऊन बघायचे आणि म्हणायचे, बरे आले आहे. मला वाटायचे, जमले. असे तीन वर्षे केले. तिसऱ्या वर्षी ते एवढेच म्हणाले, पाणी कमी देत जा. चौथ्या वर्षी माझे रोप जगले.

सावळीरामचा कांदा लाल होता. बाबांनी बी पांढऱ्याचे दिले होते. तीन वर्षे पांढऱ्याच्या शेतात लाल कांदा निघाला आणि त्यांनी तो गोणीत भरून विकला. त्यांना सगळे ठाऊक होते हे मला परवा मनीषाच्या वाचण्यात कळले. चाळीस वर्षे मी समजत होतो की बाबांना फसवले.

ते जाईपर्यंत मी त्यांना सांगितले नाही. तू निदान बहिणीला लिहीत होतास.

खुर्चीचे मी बोललो ते सोडून दे. रोप टाकायला गडी सांगितला आहे. दिवाळीला ये, चार दिवस राहा आणि परत जा. तिकडे उभा राहिलास तरी चालेल.

तात्या